५८ पेशंट, रात्रीला एक सिस्टर: चूक झाली तर कुणाची?

पैनगंगाकाठी:
वडिलांना न्यूमोनिया झाला म्हणून गेल्या महिन्यात आपल्या मराठवाड्यातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात सहा रात्री काढल्या. पुरुष वॉर्ड, खाटा ४०, पेशंट ५८. उरलेले खाली गादीवर. रात्रीला एकच सिस्टर. तिसऱ्या रात्री शेजारच्या आजोबांची सलाईन संपली अन् नळीत रक्त चढायला लागलं. त्यांची सून हाका मारायली, सिस्टर पार दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ऑक्सिजन लावायली. शेवटी मीच उठून चाक बंद केलं.

पहाटे साडेपाचला ती टेबलाशी बसली आणि केसपेपरवर भराभर बीपी लिहीत सुटली. वडिलांचं १२०/८०. त्यांच्या दंडाला रात्रभर पट्टा लागलेलाच नव्हता!

आधी राग तिचाच आला. मग हिशेब केला. माणशी ३ मिनिटं धरली तर ५८ जणांचे १७४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ तीन तास नुसत्या बीपी-टेंपरेचरला. इंजेक्शनं, नवीन भरती, हे सगळं वेगळंच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी माणसं द्या, मग चुका मोजा.

मोंढ्यावरचा:
भाऊ, निकष अर्धाच सांगितलात. तीनला एक हे सगळ्या पाळ्या मिळून. एका पाळीत नऊला एक. आणि सगळं संख्येवर ढकलू नका. माझ्या आईच्या वेळेला वॉर्डात तीन सिस्टर होत्या, तिघी मोबाईलमध्ये. पेशंटची सून ओरडली तर "तुमच्यासाठीच बसलो का आम्ही" हे उत्तर. त्याला कोणता निकष लावायचा?

पैनगंगाकाठी:
दुरुस्ती मान्य. नऊला एक धरा. ५८ ला सहा-सात लागतात. होती एक.

लातूर रोड:
याच्यावर बाहेर अभ्यास झालेत. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन यांचा २०१४ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, युरोपातल्या नऊ देशांचा. नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात तर कायद्यानंच प्रमाण ठरवून दिलंय, २००४ पासून लागू आहे.

मोंढ्यावरचा:
त्याच अभ्यासाचं दुसरं वाक्यही सांगा ना. पदवीधर नर्स १० टक्क्यांनी वाढल्या की तीच शक्यता ७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे नुसती डोकी वाढवून भागत नाही, शिक्षण लागतं. आणि युरोपातला ७ टक्क्यांचा आकडा आपल्या ५८ च्या वॉर्डाला लावायला तो काय कापसाचा भाव आहे?

रात्रपाळी:
सोळा वर्षं नोकरी झाली, म्हणून लिहिते. दादा, मोबाईलवाल्या असतात, नाही म्हणत नाही. पण सलग पाचवी नाइट असली की माणसाचं काय होतं ते सांगते. पाणी कमी पितो आम्ही, कारण बाथरूमला गेलं तर वॉर्ड उघडा. एकदा पहाटे चारला अँटिबायोटिक विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर म्हणून कुपी घेतली. त्याची नि दुसऱ्या एका औषधाची, दोन्ही कुप्या प्लास्टिकच्या, दिसायला सारख्याच. सिरिंज टोचायच्या आधी सवयीनं पुन्हा लेबल वाचलं. पोटॅशियम क्लोराईड होतं. ते थेट शिरेत गेलं असतं तर हृदय थांबलं असतं. त्या दिवशी घरी जाऊन लेकराचा डबासुद्धा केला नाही, नुसती बसून राहिले.

शिक्षण माझं होतं. डोळे उघडे राहत नव्हते.

कंधारी:
ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. पण आमच्या पारावर चर्चा कशाची? खासदारांनी डीनला संडास धुवायला लावला त्याची. (खाजगीचं तर बोलूच नका. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६ ला छोट्या दवाखान्यातल्या नर्सलाही किमान २०,००० पगार सुचवला होता. आमच्या तालुक्यात आठ हजारांत पोरी राबायल्यात.)

मोंढ्यावरचा:
ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. थकवा मान्य. पण १२०/८० ची गोष्ट मला पटत नाही म्हणजे नाही. मोजलं नसेल तर रकाना कोरा सोडा. कोरा दिसला तर सकाळी राउंडला डॉक्टर मोजायला तरी सांगेल. खोटा आकडा बघून तो पुढच्या खाटेकडं जातो. माझ्या आईच्या बाबतीत तेच झालं होतं.

रात्रपाळी:
हे बरोबर आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही. फक्त कोरा सोडला की मेमो येतो, आणि तो सिस्टरला येतो.

मोंढ्यावरचा:
तुम्हाला आलाय?

रात्रपाळी:
दोनदा.

मोंढ्यावरचा:
खुलाशात काय लिहिलंत?

रात्रपाळी:
"पाळीत एकटी, पेशंट ६१, नोंदी घेणे शक्य झाले नाही." आवक-जावकला देऊन पोच घेतलीय, शिक्क्यासकट.