पडाउकचा लाल रंग आणि स्पिरिट पॉलिश
यूव्हीवालं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारं लॅकर मारलं की आफ्रिकन पडाउक हे लाकूड कायम केशरी-लाल राहतं, असं काही जण म्हणतात ते पटत नाही, लॅकरने रंग उतरायचा वेग कमी होतो एवढंच, उजेडात ठेवलेलं पडाउक शेवटी चॉकलेटी होणारच, आणि खरं सांगायचं तर मला तो मुरलेला रंग जास्त आवडतो. कॅमेरून, गॅबॉनकडचं हे लाकूड आपल्या बिबळा या झाडाच्याच टेरोकार्पस प्रजातीतलं (genus) आहे.

पण फारसं कोणी सांगत नाही ते म्हणजे या लाकडाचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र लगेच सुटतो. त्यामुळे मेपलसारख्या पांढऱ्या लाकडाशेजारी पडाउकची पट्टी बसवली आणि नेहमीसारखं स्पिरिटमध्ये विरघळवलेलं चपडीचं (लाखेचं) पॉलिश फडक्याने घासलं की फडकं लाल होतं आणि तोच लाल पुढे मेपलवर ओढला जातो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका डब्याच्या झाकणावर जोडाच्या कडेने असा गुलाबी पट्टा पार आत मुरला होता, शेवटी रंध्याने पातळ थर काढला तेव्हा गेला. म्हणून अशा कामात शेवटचा हात पॉलिशपेपरने नको, स्क्रेपरने (लाकूड खरवडायच्या पोलादी पट्टीने) द्या, कारण तो बारीक लाल भुसासुद्धा मेपलच्या छिद्रांत जाऊन बसतो, मग हवा मारून साफ करा आणि पहिला हात पाण्यातल्या लॅकरचा स्प्रेने द्या, फडकं लावूच नका. आणि मास्क घाला, या भुशाने बऱ्याच जणांना शिंका आणि खाज सुटते. माल घेताना कागदपत्रंही मागा, 2023 पासून आफ्रिकेतलं पडाउक साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे.