पहिल्या महिन्यात फक्त १० नग? ऑनलाइन विकणाऱ्यांनी कृपया सांगा

कसब्यातली सून

नमस्कार मंडळी,

आमचं घर तांबटांचं. सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत, अजून रोज सकाळी आठला पुण्याच्या तांबट आळीतल्या आमच्या खोलीत कामाला बसतात. लोखंडी दांड्यावर तांब्या उपडा घालायचा आणि एकाला लागून एक ठोका टाकत गोल फिरवायचा, हे मठारकाम. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला पोचे पडत नाहीत आणि उन्हात धरलं तर अंगभर खवल्यांसारखं चमकतं. एका तांब्याला त्यांचा दीड दिवस जातो. दुकानदार मात्र मशीनच्या भांड्याचा भाव सांगून तेवढ्यातच मागतो. म्हणून मी ठरवलं की हे थेट बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायचं.

दिवाळीनंतर गच्चीवर पांढरी चादर टाकून ४३ भांड्यांचे फोटो काढले. एका परदेशी ऑनलाइन बाजारावर खातं उघडलं. तिथं नव्या विक्रेत्याला महिन्याला १० नग आणि ५०० डॉलर अशी मर्यादा आहे, दोन्हींतलं जे आधी भरेल ते. मला वाटलं १० नग म्हणजे १० जाहिराती. पहिली जाहिरात पेल्याची टाकली. पेला ९ डॉलरचा, घरात दहा तयार होते म्हणून संख्येच्या रकान्यात १० लिहिलं. लगेच दुसरी, तांब्याची टाकायला गेले तर पाटी आली, या महिन्याची मर्यादा संपली! ५०० पैकी ९० डॉलरच भरले होते आणि नग सगळे संपले.

सासऱ्यांना काय सांगू कळेना. ते रोज संध्याकाळी विचारतात, "लागलं का दुकान?"

ही मर्यादा कधी वाढते? कुणाला फोन केला तर ऐकतात का? मिस्टरांच्या नावानं दुसरं खातं काढलं तर चालेल का?

तिकीटवाला, चिंचवड

ताई, आधी ती पेल्याची जाहिरात बंद करा. मी २०११ पासून पोस्टाची जुनी तिकिटं विकतोय. माझ्या अनुभवात चालू जाहिरातींतले नग आणि त्या महिन्यात विकले गेलेले नग, एवढंच मोजतात. न विकता बंद केलेली जाहिरात मोजणीतून निघते, म्हणजे तुमची जागा परत मिळेल. तरी तुमच्या खात्यावर "शिल्लक किती" हा आकडा दिसतो तो बघूनच पुढं जा.

आता मांडणी. १० नगांत ५०० डॉलर, म्हणजे नगामागे सरासरी ५० डॉलर बसतात. ९ डॉलरचा पेला एकेक विकण्यात जागा वाया जाते. चार पेल्यांचा एकच संच करा आणि संख्या १ ठेवा, तो एक नग धरला जातो. उलट मोठं घंगाळ टाकण्याचा मोह आवरा. १४० डॉलरची तीन घंगाळं लावली की ४२० डॉलर अडकले, आणि ती महिनोन्‌महिने विकली जात नाहीत. शिवाय वजन. पोस्टाच्या इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेटला वजनाची मर्यादा आहे, घंगाळ त्यात बसतं का ते आधी विचारावं लागेल. झाकणाचा तांब्या, पेल्यांचा संच, छोटी कळशी, एवढंच पहिले तीन महिने.

मर्यादा का असते, तर कुणीही उठून खातं काढावं, शंभर मोबाइल विकल्याचे पैसे घ्यावेत आणि पसार व्हावं, हे घडलेलं आहे. बोहरी आळीतला व्यापारी तरी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उधारी देतो का? दोन-चार व्यवहार बघतो, मग वही उघडतो. इथं वही म्हणजे तुमचा ट्रॅकिंग नंबर. माल टाकला त्याच दिवशी तो भरा. सुरुवातीला पैसेही काही दिवस रोखून धरतात, माल पोचल्याचं दिसलं की सोडतात. तेवढं भांडवल हाताशी ठेवा.

पाच-सहा विक्र्या सुरळीत झाल्या की मर्यादा वाढवण्याची विनंती करा. तांब्याच्या पत्र्याच्या खरेदीची बिलं आणि सासऱ्यांचे काम करतानाचे फोटो तयार ठेवा. माल तुमचाच आहे हे दाखवता आलं पाहिजे.

मुळाकाठ

मिस्टरांच्या नावानं काढा की, सगळे काढतात.

शिवणीची माहेरवाशीण

अजिबात काढू नका! मी हेच केलं होतं. गोधड्या विकत होते, मर्यादा संपली म्हणून बहिणीच्या नावानं दुसरं खातं. घर एक, वायफाय एक, पैसे येणारं बँक खातंही एकच. आठवड्यात दोन्ही खाती बंद झाली आणि सहा गोधड्यांचे पैसे अडकले ते निराळेच. आठ महिन्यांची मेहनत गेली. मर्यादा चुकवायला काढलेलं खातं त्यांना ओळखू येतं.

हिशेबनीस, सदाशिव पेठ

बाहेरची वाट उघडेपर्यंत देशातली वापरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारांवर माल विकता येतो. अट अशी की विक्री आपल्याच राज्यात हवी, उलाढाल ४० लाखांच्या आत हवी आणि पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा. म्हणजे पुण्याहून नागपूर, कोल्हापूर चालेल, बेळगाव चालणार नाही.

परदेशी पाठवायच्या मालासाठी आयात-निर्यात कोड लागतो. डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचं परदेश व्यापाराचं खातं) साइटवर ५०० रुपयांत मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यावरची माहिती पुन्हा नक्की करावी लागते. हे विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल अडतं. निर्यात आंतरराज्य विक्रीत धरली जाते, त्यामुळं जीएसटी नोंदणीचं काय करायचं ते पहिल्या पार्सलच्या आधी आपल्या सीएकडून समजून घ्या. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथं कागदपत्रांना मदत करतात.

कसब्यातली सून

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. पेल्यांची जाहिरात बंद केली, तासाभरानं शिल्लक पुन्हा १० दिसली! दुसऱ्या खात्याचा विचार सोडून दिला. शिवणीच्या ताई, तुमच्या गोधड्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

आता चार पेल्यांचे तीन संच, ३४ डॉलरला एक. झाकणाचे चार तांबे ५२ ला. दोन छोट्या कळश्या ६० ला. बेरीज ४३० झाली, नऊ नग. दहावी जागा सासऱ्यांना विचारली. त्यांनी माळ्यावरून त्यांच्या वडिलांनी घडवलेली, काळी पडलेली पळी-पंचपात्री काढली आणि चिंचेनं घासायला बसले. मी म्हटलं, ही विकायची नाही. तर म्हणाले, "विकायला नाही गं, फोटोत मागं ठेव. कुणाच्या हातचं आहे ते कळू दे."

दहावी जागा रिकामीच ठेवली आहे. आयात-निर्यात कोडाचा अर्ज काल रात्री भरला.