वेळेवर संपलेल्या परदेशी विनोदी मालिका सुचवा (बाबांसोबत बघायच्या आहेत)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विनोदी मालिका शोधते आहे आणि माझ्याजवळची यादी आता संपत आली आहे. बाबा मंत्रालयातून निवृत्त झालेत. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं एखादा भाग बघतो.

सुरुवात 'येस मिनिस्टर'ने केली. विषय टाळायचा असेल तर समिती कशी नेमायची, मंत्र्यांना नको ती फाइल ढिगाच्या तळाशी कशी सरकवायची, हे त्यातले मंत्र्यांचे सचिव सर हम्फ्री समजावून सांगू लागले की बाबा इतके खूश होत की पुढचा संवाद ऐकूच येत नसे. 'येस प्राइम मिनिस्टर' ही पुढची मालिका धरून १९८० ते १९८८ या काळात ३८ भाग, आणि एकही भरतीचा वाटला नाही.

मग 'फॉल्टी टॉवर्स'. बीबीसीवर १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा, संपलं! जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनीच सगळं लिहिलं आणि दोघांनी त्यात कामही केलं. शेवटच्या भागात वेटर मॅन्युएलने हौसेने पाळलेला उंदीर हॉटेलात मोकळा सुटतो, नेमका आरोग्य निरीक्षक आलेला असताना. निरीक्षकासमोर बिस्किटांचा डबा येतो आणि डब्यात उंदीर! निरीक्षक नुसता बघत राहतो. तो प्रसंग बाबांनी मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला.

'ब्लॅकॅडर'चे चार सीझन, २४ भाग. प्रत्येक सीझनला काळ नवा, त्यामुळे शिळं व्हायला वावच नाही. माझ्या मते चौथाच सगळ्यात सरस. पहिल्या महायुद्धातला खंदक, ब्लॅकॅडरचा साथीदार बाल्ड्रिक याच्याकडे शेवटची एक युक्ती असते, पण ती ऐकायला आता वेळ उरलेला नसतो. शिट्टी वाजते, सगळे खंदकाबाहेर धाव घेतात आणि त्या रणभूमीच्या जागी पॉपीच्या फुलांचं शेत दिसू लागतं. त्या रात्री आम्ही दुसरं काही लावलं नाही. विनोदी मालिकेला असा शेवट करायची हिंमत लेखकांनी दाखवली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

याउलट 'द ऑफिस'. इंग्लंडमधली मूळ मालिका १२ भाग आणि २००३ च्या नाताळचे दोन विशेष भाग, एवढ्यात आटोपली. अमेरिकेतली नऊ सीझन आणि दोनशेच्या वर भाग चालली. तीही मला आवडते, पण मुख्य नट स्टीव्ह कॅरेल मालिका सोडून गेल्यावर ती पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखी झाली.

तर मला हवं आहे ते असं: करणाऱ्यांनी स्वतः ठरवून थांबवलेली मालिका. वाहिनीने मध्येच गुंडाळलेली नको, कारण कथा लोंबकळत राहिली की बाबा फार हळहळतात. एकदोघांनीच सगळे भाग लिहिलेले असतील तर उत्तमच. ब्रिटिश मालिका आटोपशीर असण्यामागे तेही एक कारण आहे असं मला वाटतं. इंग्रजी सबटायटल हवीतच. 'फ्लीबॅग' सुचवू नका, मला ती फार आवडली, पण बाबांच्या शेजारी बसून बघवणार नाही.

प्रतिसाद १

ताई, 'डिटेक्टरिस्ट्स' लावा. मॅकेन्झी क्रुकने स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केलं, म्हणजे तुमच्या 'ऑफिस'मधला गॅरेथ. दोन मित्र शेताशेतांतून मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधत हिंडतात, मिळतात बहुधा डब्यांची झाकणं. २०१४ ते २०१७ असे तीन सीझन, नंतर २०२२ मध्ये एक विशेष भाग. बोलणं संथ आहे, काकांना सबटायटल वाचायला वेळ मिळेल.

प्रतिसाद २

'शिट्स क्रीक' बघा. कॅनडाची आहे, ८० भाग, पण लोकप्रियतेच्या शिखरावर असताना २०२० मध्ये स्वतःहून थांबवली. त्याच वर्षी विनोदी मालिकांचे सातही मुख्य एमी पुरस्कार एकट्या तिने नेले. युजीन आणि डॅन लेव्ही हे खरे बापलेक पडद्यावरही बापलेक आहेत. पहिले काही भाग धीर धरा, माणसं हळूहळू आवडायला लागतात. 'डेरी गर्ल्स'ही १९ भागांत सुरेख संपते, पण उत्तर आयर्लंडचे उच्चार भराभर आणि शिव्या भरपूर, ती आधी तुम्ही एकट्या बघून ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आज 'डिटेक्टरिस्ट्स' लावते. बाबांना जुन्या नाण्यांची आवड आहे, हे मी लिहायलाच हवं होतं. 'शिट्स क्रीक' त्यानंतर. 'फादर टेड' कुणी पाहिली आहे का? त्यातले मुख्य नट डर्मट मॉर्गन शेवटच्या भागाचं चित्रीकरण आटोपून दुसऱ्याच दिवशी गेले, एवढं वाचलं आहे. हे माहीत असताना शेवटचे भाग हसत बघता येतात का, ते पाहिलेल्यांनी सांगा. आणि यातलं भारतात सध्या कुठे बघायला मिळतं तेही कळवा.