योजनेतली कपात: निवेदनात नेमके कुठले आकडे द्यायचे?

गोदाकाठ:
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचारांसाठी रुग्णालयांना मिळणाऱ्या ठरावीक दरांबद्दल नाशिकमधले लहान रुग्णालयवाले डॉक्टर मिळून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाला निवेदन देणार आहेत. मसुद्यात ‘दर परवडत नाहीत, कपात होते’ एवढंच लिहिलंय. सोबत क्लेमची (उपचारानंतर रुग्णालय योजनेकडे मागतं ती) रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम, यांतला फरक जोडलाय. पुरेल का?

क्लेमवाली:
नाही. बँकेतला आकडा धरलात की १०% टीडीएससुद्धा (पैसे देतानाच कापलेला आयकर) कपातीत मोजला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो. समोरचा अधिकारी पहिलं बोट तिथंच ठेवेल आणि पुढचं ऐकणारच नाही.

दर क्लेमला एक ओळ करा: केस नंबर (पेशंटचं नाव नको), प्रीऑथची (उपचाराआधीच्या मंजुरीची) रक्कम, क्लेम सादर केल्याची तारीख, मंजूर रक्कम, टीडीएस, पैसे जमा झाल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात पोर्टलवरचा रिमार्क, जसा दिसतो तस्साच.

मग कागदांमुळे झालेली कपात बाजूला काढा. इम्प्लांटचं (शरीरात बसवलेल्या प्लेट वगैरेचं) स्टिकर लावलेलं नाही, ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर नाव-तारीख नाही, डिस्चार्ज कार्डवरची वेळ नर्सिंग शीटशी जुळत नाही, असली प्रकरणं. त्यांत दम असेल तर अपील करा, पण निवेदनात एकही नको. चाळीस ओळींत अशी एक सापडली तरी बाकीच्या एकोणचाळीसांवर शंका येते.

भूलतज्ज्ञ:
‘परवडत नाही’ला वजन यायचं तर सगळ्यांकडे नेहमी होणारी एकच शस्त्रक्रिया घेऊन तिचा खर्च पूर्ण उलगडून दाखवा. भूल, ऑक्सिजन, टाके, ड्रेप हे सगळे लिहितात. पेशंटचं जेवण, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं तिकीट आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांचा फॉलोअप हेही पॅकेजमध्येच, म्हणजे शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या एकत्र दरातच, धरलेलं आहे, ते मात्र राहून जातं. सुरगाण्याच्या तिकिटाचे पैसे किरकोळ, पण फॉलोअपमधल्या ड्रेसिंगचे किरकोळ नसतात.

सगळ्यात मोठी चूक नर्सिंगच्या खर्चात होते. समजा खाटा ३०, नर्सचा महिन्याचा पगार २,७०,००० रुपये. ३० खाटा गुणिले ३० दिवस, म्हणजे ९०० ने भागलं तर खाटेला दिवसाला ३०० पडतात. पण खाटा ६०% भरत असतील तर भरलेले खाट-दिवस ५४० आणि खर्च ५००. पगार रिकाम्या खाटांसाठीही द्यावाच लागतो. आपल्याच बाजूनं २०० रुपये सोडून देऊन वर दर कमी म्हणायचं, ही गंमतच.

पंचवटीकर:
‘सरकारनं दीड लाखाचे ५ लाख केले, आता काय हवं?’ हे हमखास ऐकावं लागेल. २०२३ च्या शासन निर्णयात वाढली ती कुटुंबाची वर्षाची मर्यादा. एका शस्त्रक्रियेचं पॅकेज त्यानं वाढत नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

शिवाय या योजनेसोबतच राबवल्या जाणाऱ्या केंद्राच्या आयुष्मान भारतच्या नियमानं एकाच वेळी तीन शस्त्रक्रिया झाल्या तर पहिलीचे १००%, दुसरीचे ५०%, तिसरीचे २५% मिळतात. अपघाताच्या केसमध्ये हात आणि मांडी दोन्ही मोडलेले असले तर दुसऱ्या हाडाची प्लेट काही अर्ध्या किमतीत येत नाही. इथं तक्रार नियमाबद्दल करा, क्लेम तपासणाऱ्या डॉक्टरबद्दल नको.

गोदाकाठ:
निर्णय होईपर्यंत फरकाची रक्कम पेशंटकडून घेतली तर?

क्लेमवाली:
अजिबात नको. योजना कॅशलेस आहे, पेशंटकडून पैसे घ्यायचेच नसतात. एक पावती बाहेर आली तर रुग्णालयावर कारवाई होईल आणि निवेदनही बाजूला पडेल. प्रत योजनेच्या जिल्हा समन्वयकांना द्या, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.