अमेरिकेच्या कृषी खात्यात ऑडिट आणि तपास एकाच ऑफिसकडे का?

खतावणी:
सरकारी योजनांच्या ऑडिटवर वाचतोय, त्यात अमेरिकेच्या कृषी खात्याचं इन्स्पेक्टर जनरल ऑफिस सारखं समोर येतंय. तिथे ऑडिटरही आहेत आणि पिस्तूल बाळगणारे, अटक करू शकणारे तपास अधिकारीही. दोन्ही एकत्र ठेवायची काय गरज? आणि खात्याचंच ऑफिस खात्यावर नजर ठेवणार म्हणजे मंत्र्याने डोळे वटारले की संपलं ना?

बांधकरी:
बिली सोल एस्टेस प्रकरण वाच. टेक्सासचा हा माणूस, कापूस किती एकरात लावायचा याचे सरकारी कोटे खोट्या जमीनव्यवहारांतून स्वतःकडे ओढले, वर खताच्या टाक्या तारण दाखवून कर्जं काढली आणि त्यातल्या बहुतेक टाक्या नव्हत्याच. खात्यात काहींना संशय होता पण सगळे धागे जोडून बघणारं कुणी नव्हतं. म्हणून १९६२ मध्ये मंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांनी ऑडिट आणि तपास एका छताखाली आणले. पुढे १९७४ मध्ये मंत्री अर्ल बट्झ यांनी ते ऑफिस मोडलं, कायद्याचा आधारच नव्हता ना! तो मिळाला १९७८ च्या इन्स्पेक्टर जनरल कायद्याने.

पडताळा:
एकत्र असण्याचा फायदा फूड स्टॅम्पमध्ये, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी कार्डावर सरकारी पैसे देणाऱ्या आताच्या स्नॅप योजनेत, नीट दिसतो. दुकानदार कार्डावर १०० डॉलरची खरेदी दाखवतो, कार्डधारकाला साधारण ५० रोख देतो, सरकारकडून पूर्ण १०० वसूल करतो. आता दुकान एवढंसं, ट्रॉलीसुद्धा नाही, आणि मिनिटामिनिटाला मोठ्या राउंड फिगरच्या खरेद्या, हे आकड्यांत लगेच उठून दिसतं, पण कोर्टात तेवढं पुरत नाही, तिथे साध्या वेशातला माणूस कार्ड घेऊन पाठवावा लागतो. पीक विम्यातही तेच, नॉर्थ कॅरोलायनात एका प्रकरणात टोमॅटोच्या शेतात बर्फाचे क्यूब टाकून, झाडं झोडपून गारपिटीचे फोटो काढले होते, नुसती फाइल बघून हे कसं पकडणार?

खतावणी:
हे पटलं. पण मंत्र्याचं काय?

बांधकरी:
मंत्री ऑडिट थांबवू शकत नाही. ऑफिसचा सहामाही रिपोर्ट काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, जातोच, मंत्री सोबत स्वतःचं म्हणणं जोडू शकतो, मजकुराला हात लावू शकत नाही. धोका वरून आहे. फिलिस फाँग २००२ पासून इन्स्पेक्टर जनरल होत्या, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना इतर बऱ्याच जणांसोबत काढलं. काँग्रेसला ३० दिवस आधी कारणासकट कळवायचं असतं, ते केलंच नाही. सप्टेंबरमध्ये कोर्टाने हे कायद्याविरुद्ध ठरवलं पण खुर्ची परत दिली नाही, मला हे फार गंभीर वाटतं.

पडताळा:
आणि एक लक्षात ठेव, हे ऑफिस फक्त शिफारस करतं, खटला न्याय खातं चालवतं. त्यामुळे सहामाही रिपोर्ट उघडलास की आधी रखडलेल्या जुन्या शिफारशींची यादी बघ, खातं कुठे टाळाटाळ करतंय ते तिथेच कळतं.