बेसिनखालचे पाईप उघडे ठेवू की कपाटात झाकू?

दर्यापूरजवळ गावात घराचं काम चालू हाय, आता बाथरूममध्ये बेसिन बसवाचं हाय. मिस्त्री म्हणते प्लायचं कपाट करून पाईप झाकून टाका, घरच्यायलेही तेच आवडलं, पण मले उघडेच बरे वाटतात. काय करू?

उत्तर १: भाऊ उघडेच ठेवा. आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, बोरच्या पाण्यानं अँगल कॉकच्या (बेसिनखालच्या छोट्या नळाच्या) आट्यांवर पांढरा थर चढते अन् मंग थेंब थेंब गळाले लागते, कपाटात ते दिसतच नाही, प्लाय फुगून उधई लागते तवा समजते.

उत्तर २: बरोबर. अन् बेसिनच्या सांडपाण्याच्या पाईपाले बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा भाग) घ्या, त्यात पाणी साचून राहते म्हणून गटाराचा वास वर येत नाही, केस अडकले तर खालची वाटी हातानं फिरवून साफ होते. उन्हाळ्यात घर लय दिवस बंद राहिलं तर ते पाणी आटते, आल्याबरोबर नळ सोडा.

उत्तर ३: झाकाचंच असन तर हाफ पेडेस्टल (बेसिनखाली भिंतीले लागते ते अर्धं झाकण) लावा. भिंतीत पाईप गाडत असाल तर टाइल लावाच्या आधी प्रेशर टेस्ट (पाईपात दाबानं पाणी भरून गळते का ते पाहणं) कराच, अन् फोटो काढून ठेवा, पुढं ड्रिल मारताना कामी येते.