व्हिएतनाम कमी खर्चात: तिथल्या रीतीभाती सांगाल का?

कंदीपेढा: डिसेंबरात मी आणि मैत्रीण हनोई, ह्यू, होई आन करतोय. हॉस्टेल, रात्रीची रेल्वे, रस्त्यावरचं खाणं. दोघी शाकाहारी. बाजारात घासाघीस कराच असं सगळे सांगतात, पण नकळत कुणाला दुखवायचं नाही.

पाठपिशवी: घासाघीस करा, पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नको. हनोईच्या जुन्या पेठेत सातच्या सुमारास मी एका बाईंकडे टोपी निम्म्या भावात मागितली. जमेना, तशी निघाले. वळून पाहिलं तर बाई कागदाचा बोळा पेटवून मालाभोवती ओवाळत होत्या, चेहरा उतरलेला. होमस्टेच्या मालकीणबाईंनी रात्री सांगितलं, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवस खराब जातो, म्हणून अपशकुन असा जाळून घालवतात. अहो, ही आपली भवानीच की! मंडईत भवानीच्या वेळी आपण असं वागतो का? फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन तीच टोपी त्यांनी सांगितलेल्या किमतीला घेतली. पैसे दोन्ही हातांनी दिले, तिथे तो मान असतो.

नोटांवरची शून्यं मात्र मोजा. 20 हजार आणि 5 लाख डाँग, दोन्ही निळ्या.

आणि कुणी वय विचारलं तर रागावू नका. त्यावरून हाक ठरते. थोडी मोठी बाई 'ची', आईच्या वयाची 'को', म्हणजे आपली ताई नि काकू. खानावळीत 'को ओय!' म्हटलं की बाई हसून वळतात.

सायगॉनकर: शाकाहाराचा शब्द 'चाय'. चहा नव्हे, त्याला हनोईत 'चा' म्हणतात. पाटीवर सी-एच-ए-वाय अक्षरं शोधा. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, माशाचं पाणी, 'नुओक माम', भाजीतही असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले बरेच बौद्ध लोक 'चाय' जेवतात, तेव्हा सोपं जातं.

कंदीपेढा: किती छान! देवळात कपडे?

पाठपिशवी: खांदे-गुडघे झाकलेले, चपला बाहेर. हो ची मिन्ह यांच्या समाधीतही तसंच, आत बोलायचं नाही. ती फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. आणि भातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोचू नका. मृतांपुढच्या उदबत्त्यांसारख्या दिसतात.